फलंदाजीचा मास्तर कोण असावा?

पाऊस आला की सामना थांबतो, परंतु सामन्यावरची चर्चा थांबत नाही, हे मी ९ जुलै २०१९ रोजी नंदुरबारच्या एका चहाच्या दुकानात प्रथम पाहिले. मी तेव्हा आठवीत होतो. मामांबरोबर बाजारात आलो होतो आणि मँचेस्टरला भारत-न्यूझीलंड असा विश्वचषकाचा उपांत्य सामना चालू होता. न्यूझीलंडच्या ४६.१ षटकांत ५ बाद २११ धावा झाल्या आणि तिकडे पावसाने जी सुरुवात केली ती केलीच. इकडे आमच्याकडे पेरण्या होऊन लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले. “इथला पाऊस तिकडे पडून राहिला,” असे कोणी तरी म्हणाले आणि सारे दुकान हसले. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी ठेवला गेला. मामांचे बाजाराचे काम खरे म्हणजे आटोपले होते; पण दुसऱ्या दिवशीही आम्हांला काही काम निघालेच!

त्या दुसऱ्या दिवशीचा प्रकार वाचकांपैकी बहुतेकांना आठवत असेल. जिंकायला २४० धावा हव्या होत्या. रोहित शर्मा १, राहुल १, कोहली १, आणि फलकावर ३ बाद ५. मग ४ बाद २४. पंत आणि पंड्या प्रत्येकी ३२ धावा करून गेले. जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या तेव्हा दुकानातल्या बाकावर उभे राहायलाही जागा नव्हती. नंतर गप्टिलचा तो फेकलेला चेंडू, धोनी ५० धावांवर धावबाद, आणि १८ धावांनी पराभव. दुकानदाराने टीव्ही बंद केला. पण एकही गिऱ्हाईक हलले नाही.

आता खटला सुरू झाला. आरोपपत्र एकच होते: धोनीला सातव्या क्रमांकावर का पाठवले? कार्तिक पाचवा आला, पंड्या सहावा आला, आणि ज्याने आयुष्यभर बुडती नाव किनाऱ्याला लावली तो सातवा! हा निर्णय फलंदाजीचे प्रशिक्षक संजय बांगर यांचा, अशी बोलवा लवकरच उठली. तो सर्व संघाचा मिळून निर्णय होता, असे मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी पुढे सांगितले. परंतु राग यायचा तर समोर एक माणूस लागतो, ‘सर्व संघ’ चालत नाही. आमच्या मामांनी निकाल देऊन टाकला: “त्या बांगरले काढी टाका पहिले!”

“अहो, आपला बीडचा माणूस आहे,” कोणी तरी दबक्या आवाजात म्हणाले.

“बीडचा असो की बिकानेरचा. काढी टाका!”

मग त्याच्या जागी कोण, यावर तीन पक्ष पडले. पहिला पक्ष मोठ्या नावाचा. ज्याने स्वतः ढीगभर धावा केल्या तोच दुसऱ्याला शिकवू शकेल, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष परदेशी माणसाचा. तिसरा पक्ष आपल्या माणसाचा, म्हणजे मुंबईच्या प्रवीण आमरे यांचा. या तिसऱ्या पक्षाकडे मुद्दा बरा होता. आमरे यांनी १९९२ मध्ये डर्बनला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलेले. शिवाय अजिंक्य रहाणेसारख्या फलंदाजांचा सराव त्यांनी घेतलेला. तासभर असा गोंधळ चालला. कोपऱ्यात एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि एवढेच विचारले, “मंडळी, हा फलंदाजीचा मास्तर दिवसभर करतो तरी काय?”

दुकान गप्प झाले. ज्याला काढायचे त्याचे नाव सर्वांना ठाऊक होते, त्याचे काम कोणालाच सांगता येईना. त्या वेळी मलाही आले नाही. पुढे वाचून, ऐकून आणि थोडेफार स्वतः खेळून जे कळले ते येथे मांडतो. कारण हा प्रश्न या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावरही येऊन उभा राहिला, आणि त्यात माझाही हात आहे. ते शेवटी सांगेन.

पूर्वी भारतीय संघाबरोबर एक व्यवस्थापक असे. तोच सामानाची मोजदाद करी, तोच शिस्त पाही आणि तोच, जमल्यास, खेळातले चार शब्द सांगे. अजित वाडेकर १९९० नंतरच्या काळात अशाच व्यवस्थापकपदावर होते. फलंदाजीला वेगळा, गोलंदाजीला वेगळा, क्षेत्ररक्षणाला वेगळा असा मास्तरवर्ग नंतरचा. आपल्या शाळेत एकच गुरुजी सगळे विषय शिकवीत आणि पुढे विषयवार शिक्षक आले, तसेच हे.

या विषयशिक्षकाचे पहिले काम अगदी मजुराचे आहे. फलंदाजाला चेंडू फेकून देणे. त्यासाठी साइडआर्म नावाचे एक लांब दांड्याचे, टोकाला पळीसारखी खोबण असलेले साधन असते. त्याने खांदा फारसा न शिणवता वेगवान गोलंदाजाच्या तोडीचा चेंडू टाकता येतो. हे काम करणारी वेगळी माणसेही असतात, पण मास्तरही त्यात असतोच. दुसरे काम पाहण्याचे. फलंदाजाचे डोके कुठे जाते, पुढचा पाय कुठे पडतो, बॅट कोणत्या कोनातून खाली येते, आणि मुख्य म्हणजे गेल्या महिन्यात हे सारे कसे होते आणि आज कसे आहे. तिसरे काम समोरच्या गोलंदाजांचा अभ्यास. चौथे, कोणी कोणत्या क्रमांकावर जावे याविषयी सल्ला. ‘सल्ला’ या शब्दाखाली मी मुद्दाम रेघ मारतो, कारण अखेरचा शब्द कर्णधाराचा आणि मुख्य प्रशिक्षकाचा असतो. आणि पाचवे काम म्हणजे गप्प बसणे. सामन्याच्या आदल्या दिवशी फलंदाजाला चार दोष दाखवले तर तो दुसऱ्या दिवशी चेंडू पाहणार की स्वतःचे पाय? बोलायचे कधी नाही हे ज्याला कळते तो अर्धा मास्तर झाला, असे मला वाटते.

आता गंमत अशी, की यातले काहीच टीव्हीवर दिसत नाही. बळी पडला की कॅमेरा सज्जाकडे वळतो, आणि तिथे गंभीर चेहऱ्याने वही घेऊन बसलेला मनुष्य दिसतो. म्हणजे प्रेक्षकाला हा माणूस दिसतो तो नेमका दुर्घटनेच्याच क्षणी. रेल्वेच्या अपघातस्थळी उभ्या असलेल्या माणसावर सगळ्यांचा संशय जावा तसे त्याचे होते.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. तो आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात चेंडू हाताने फेकतात आणि अंगावर धडाधड आदळतात. तिथे संघाच्या आक्रमणाचा वेगळा प्रशिक्षक असतो. त्याला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. त्याची जागा रिकामी झाली की तिथले प्रेमी आमच्या चहाच्या दुकानाप्रमाणेच भांडतात म्हणे. मात्र त्या खेळात चेंडू दर थोड्या सेकंदांनी थांबतो, आणि पुढची चाल कोणती हे बहुधा हाच प्रशिक्षक बाहेरून ठरवून आत कळवतो. चाल फसली तर ‘चाल तुझी होती’ असे त्याला म्हणता येते. क्रिकेटमध्ये तसे नाही. फलंदाजाने सीमारेषा ओलांडून आत पाय टाकला की मास्तरचा अधिकार संपला. नव्या चेंडूवर पुढे यायचे की मागे राहायचे, हे ठरवायला फलंदाजाजवळ अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ असतो. त्यात मास्तरला विचारायला कोण येणार? तेव्हा कसोटी लावायची ती कशाला?

निकालाला लावावी, तर काय होते पाहा. बांगर यांच्याच काळात भारताने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. पण मँचेस्टर झाले आणि ते विस्मरणात गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये कपिल देव, अंशुमान गायकवाड आणि शांता रंगास्वामी यांच्या समितीने शास्त्रींना मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम ठेवले. त्यांच्या हाताखालच्या प्रशिक्षकांची निवड एम. एस. के. प्रसाद यांच्या निवड समितीकडे होती. तिने गोलंदाजीचे भरत अरुण ठेवले, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर ठेवले, आणि बदलला तो फक्त फलंदाजीचा मास्तर. बांगर गेले, विक्रम राठोड आले. एका पराभवातून तिघांपैकी एकच घरी जातो, तेव्हा ‘सर्व संघाचा निर्णय’ शेवटी कोणाच्या खात्यावर मांडला गेला हे निराळे सांगायला नको.

आमच्या दुकानात राठोड हे नाव ऐकून मामांनी कपाळावर हात मारला. त्यांचा पक्ष मोठ्या नावाचा. आणि राठोड यांच्या नावावर कसोट्या ६ आणि धावा १३१! बांगर निदान १२ कसोट्या खेळले होते. २००२ मध्ये लीड्सच्या ओल्या खेळपट्टीवर सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा जाणकार अजून सांगतात. मग मोठ्याला काढून लहान कशाला आणला?

या राठोडांच्या कारकीर्दीत काय झाले? १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासातला तो नीचांक. आणि बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनला याच दौऱ्यात ३२८ धावांचा पाठलाग करून भारताने सामना आणि मालिका दोन्ही खिशात घातली. मास्तर तोच. महिनाभरात त्याची अक्कल शून्यावरून शंभरावर गेली असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणो. मला तरी ते धाडस होत नाही. पुढे १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत हरलेली अंतिम लढत आणि २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये जिंकलेली अंतिम लढत, दोन्ही वेळी सज्जात हेच गृहस्थ होते.

त्यांच्यानंतरचेही थोडक्यात सांगतो. २०२४ च्या शरदात न्यूझीलंडने आपल्याला आपल्याच घरी ३-० असे हरवले, बेंगळुरूला तर आपण ४६ धावांत गारद झालो, आणि पुन्हा ओरड सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये राजकोटचे सितांशु कोटक फलंदाजीचे प्रशिक्षक झाले. रणजी वगैरे प्रथम श्रेणीच्या सामन्यांत आठ हजारांहून अधिक धावा. भारतासाठी एकही सामना नाही. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक आला तेव्हा त्यांचे नाव कोणी घेतले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला १२४ धावांचा पाठलाग करताना संघ ९३ धावांत कोसळला, तेव्हा मात्र घेतले.

क्रमांकाच्या निर्णयाचेही असेच. मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली आणि सचिन तेंडुलकरने सलामीला जाण्याची परवानगी मागितली. कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक वाडेकर यांनी ती दिली. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या आणि तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला. समजा, तो तिसऱ्याच चेंडूवर बाद झाला असता तर? आणखी ताजे उदाहरण ३० ऑक्टोबर २०२५ चे. नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज आपण पाचव्या क्रमांकावर जाणार असे समजून होती. तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे, हे तिला मैदानात उतरण्यापूर्वी पाचेक मिनिटे कळले, असे तिने स्वतःच नंतर सांगितले. तिने नाबाद १२७ धावा काढल्या. मँचेस्टरला धोनीला खाली ठेवणे आणि नवी मुंबईत जेमिमाला वर पाठवणे, दोन्ही निर्णय एकाच जातीचे. एकाला शिव्या मिळाल्या, दुसऱ्याला हार. मला तर वाटते, निर्णय घेताना हातात काय माहिती होती हे पाहावे. पण प्रेमींना ते शक्य नसते. त्यांच्यापर्यंत फक्त धावफलक पोचतो.

या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार. त्यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांना अर्धीच ठाऊक असते. १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची अखंड भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६०. प्रथम श्रेणीत एकूण ११,१६७ धावा, ३० शतके. २००६-०७ चे रणजी विजेतेपद कर्णधार म्हणून. आणि भारताची टोपी? एकदाही नाही. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारताच्या दौऱ्यापुरते त्यांना फलंदाजीचे प्रशिक्षक नेमले. म्हणजे परक्यांना त्यांच्यातला मास्तर आपल्या आधी दिसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते आपल्या महिला संघाकडे आले. २०२५ च्या विश्वचषकात ओळीने तीन सामने हरल्यावर आमच्या वसतिगृहातही बोलणे निघाले, की जो स्वतः कधी भारतासाठी खेळला नाही तो यांना काय शिकवणार? २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून या मुलींनी चषक उचलला. हेच वाक्य बोलणारे मित्र त्या रात्री फटाके घेऊन सर्वांत पुढे होते. मीही होतो. फटाके माझेच होते.

याचा अर्थ मोठा खेळाडू वाईट मास्तर असतो असा मुळीच नाही. मात्र ज्याला सारे सहज येते त्याला ते कसे येते हे सांगता येईलच असे नाही. ज्याला एकेक गोष्ट घासून घासून मिळवावी लागली त्याच्याजवळ पायऱ्यांचा हिशेब असतो. आमच्या घरी आजी भाकरी थापते, तिला विचारा पाणी किती घालायचे, ती म्हणते, “हातले समजस.” हाताला समजते, हे खरेच. पण माझ्या वहिनीला भाकरी शिकवली ती शेजारच्या काकूंनी, वाटीने पीठ मोजून.

आता माझ्या कबुलीकडे येतो. दिवाळीच्या सुटीपूर्वी आपला संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यात ११८ धावांचा पाठलाग करताना ६१ धावांत बाद झाला, हे सर्वांना माहीत आहे. आम्हांला फलंदाजी शिकवायला एक दादा येत असत. आपलेच माजी विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याच संघातून खेळलेले, त्याच्या वर कुठे नाही. दिवसा मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहायचे आणि पहाटे सहाला स्वतःचे पेट्रोल जाळून मैदानावर यायचे. मानधन नावालाच. पराभवानंतर आम्ही अकरा जणांनी जिमखाना विभागाला अर्ज केला: ‘वरच्या पातळीवर खेळलेला’ प्रशिक्षक मिळावा. माझे अक्षर बरे आणि विषय मराठी, म्हणून मसुदा मी लिहिला. ‘अनुभवाच्या अभावी संघाची अपरिमित हानी होत आहे’ हे वाक्य माझे. त्या वेळी ते मला फार आवडले होते.

दादांनी काही वाद घातला नाही. खोलीची किल्ली, जाळी आणि मोजून तेवीस चेंडू परत केले. त्यांतच चुकून की मुद्दाम, कोण जाणे, त्यांची वही राहिली. प्रत्येक फलंदाजाला दोन-दोन पाने. माझ्या पानावर लिहिले होते: ‘डोके ऑफला पडते. सरळ चेंडू लेगला ओढतो.’ खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द: ‘सांगितले.’ मी मोजल्या. अकरा होत्या. त्या सामन्यात मी सरळ चेंडू लेगला ओढताना पायचीत झालो होतो.

जानेवारीत मी आणि यष्टिरक्षक असे दोघे पथारीवर गेलो. लाल मिरचीचा ठसका असा, की दोघांच्याही डोळ्यांत पाणी. ते कशाचे हे दादांना कळू नये एवढीच इच्छा. दादांनी चहा मागवला. वही परत दिली, ती त्यांनी गल्ल्याखाली ठेवली. “दादा, पुन्हा याल का?” असे विचारले तेव्हा म्हणाले, “तुम्ही अर्ज लेखी दिला आहे ना? मग मागेही लेखीच घ्या. तोंडी बोलण्यावर मी यायचा नाही.”

दुसरा अर्ज आम्ही दिला आहे. या वेळी त्यात एकही अलंकारिक वाक्य नाही, आणि सह्या सातच आहेत. चौघांना अजूनही वरच्या पातळीवरचाच प्रशिक्षक हवा आहे. हा अंक छापखान्यात जाईपर्यंत त्या अर्जाचे उत्तर आलेले नाही. जाळी खोलीतच पडून आहे, आणि सकाळी आम्ही एकमेकांना चेंडू टाकतो.